आमच्या पिकअपला अर्थ नाही

ती. अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. (कागदावरूनच ठेवतो. प्रत्यक्षात वाकलो की मला पुन्हा सरळ करायला माणसं बोलवावी लागतात.) गुडघा कसा आहे? कानाचं यंत्र लावतेस की अजून उशीखालीच ठेवतेस? खोकला कमी झाला असेल असं मी धरून चालतो, कारण नसेल झाला तर मला काळजी लागेल, आणि सध्या माझ्याकडे आणखी एका काळजीला जागा नाही. इकडे सगळे बरे आहेत. ही बरी, चिरंजीव बरे, सूनबाई बऱ्या, मीही बरा म्हणायचा. बरी नाही ती फक्त गाडी.

फोनच केला असता, पण फोनवर तू तुला हवं तेवढंच ऐकतेस, आणि मी फोनवर बोलायला लागलो की ही शेजारी उभी राहून माझी वाक्यं दुरुस्त करते. म्हणून कागद घेतला. मला अक्षरं तूच शिकवलीस, तेव्हा वाचता आलं नाही तर दोष दोघांनी वाटून घेऊ. आणि आधीच सांगून ठेवतो, मला काहीही मागायचं नाही. सहज खुशाली कळवावी म्हणून लिहितोय.

तर गाडी. आमची जुनी पिकअप तू पाहिली आहेस, मागच्या फळीवर बसून आलीही आहेस एकदा. चिरंजीवांच्या दारं-खिडक्यांच्या कारखान्यात आता माझ्या वाट्याला ही गाडी तेवढी उरली आहे. रंधा धरू देत नाहीत, कारण हात थरथरतो. करवतीच्या मशीनजवळ जाऊ देत नाहीत, कारण हाक मारलेली ऐकू येत नाही. गिऱ्हाइकांशी बोलू देत नाहीत, कारण लाकूड कसं आहे असं कुणी विचारलं तर मी खरं सांगतो. राहता राहिलं काय, तर तयार झालेलं दार गाडीवर बांधायचं, गिऱ्हाइकाकडे पोचवायचं, तिथे चहा घ्यायचा आणि परत यायचं. हे मला अजून उत्तम जमतं, विशेषतः चहा. थोडक्यात, गाडी आहे तोवर मी कामावर आहे. गाडी गेली की मी घरी, आणि मी दिवसभर घरी असणं हिला किती मानवतं ते तुला सांगायला नको. म्हणून चिरंजीव जेव्हा म्हणायला लागले की, “बाबा, ही म्हातारी आता काढून टाकू,” तेव्हापासून मी किल्ली झोपतानाही खिशात ठेवतो. (तो गाडीला म्हातारी म्हणतो. ही एकदा स्वयंपाकघरातून ऐकत होती, तिला वाटलं तिच्याबद्दल चाललंय. त्या दिवशी आम्हा दोघांना आमटीत मीठ नव्हतं.)

गाडीचा आजार असा की ती चालू होते आणि होतही नाही. सरळ बंद पडली असती तर मी हात जोडून गप्प बसलो असतो. पण ही एका सकाळी किल्ली फिरवताच गुरगुरते आणि त्याच दुपारी, त्याच किल्लीने, त्याच माणसाने फिरवली तरी नुसती ‘टक्’ म्हणते. दिवे मंद होतात, मी मंद होतो, आणि शेजारचे गॅलरीत येतात. मेकॅनिककडे नेली तर तिथे पहिल्या झटक्यात चालू! मेकॅनिक माझ्याकडे बघतो, मी गाडीकडे बघतो, गाडी गुणी मुलीसारखी उभी. त्याने तरी काय करावं? त्याने बॅटरी बदलली. मग सेल्फ खोलला, पुसला, परत बसवला. मग म्हणाला, “आजोबा, तुम्ही किल्ली फिरवता तरी नीट का?” इतकी वर्षं मी किल्लीच फिरवत आलोय, अक्का. पण त्याने विचारल्यापासून मला संशय यायला लागला की खरंच नीट फिरवतो का. आरशासमोर उभा राहून फिरवून पाहिली. ही म्हणाली, आता एवढंच राहिलं होतं.

मग मी स्वतःच शोध लावायचं ठरवलं. आपली शाळा लवकर सुटली म्हणून डोकं काही सुटलेलं नाही. मी बारकाईने बघायला लागलो की गाडी कधी चालू होते आणि कधी नाही. एकदा असं लक्षात आलं की आधी उजवा पाय आत टाकला तर होते. तसं चार-पाचदा जमलं, मग नाही जमलं. मग वाटलं, हॉर्न वाजवला की रुसते. हॉर्न सोडला, तर चौकात एका सायकलवाल्याने माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. शेवटी मला असं वाटायला लागलं (हे हिला कधीही सांगू नकोस, जरी ते तिला आधीच माहीत असलं तरी) की ही गाडीत बसली की गाडी चालू होत नाही. खात्री करायला मी तिला खाली उतरवलं, किल्ली फिरवली, चालू. बंद केली, तिला बसवलं, टक्. पुन्हा उतरवलं. असं भर रस्त्यात, लोकांसमोर, हातात भाजीची पिशवी घेऊन ही चढतेय आणि उतरतेय. शेवटी ती म्हणाली, “माझं वजन तुमच्या गाडीला जड होतंय का? मग चालतच जाते मी.” आणि गेली. आणि अक्का, ती वळणाआड गेली न गेली तोच गाडी चालू झाली! आता मी काय समजायचं? मी तिच्यामागून हळूहळू गाडी चालवत माफी मागत होतो आणि ती फुटपाथवरून ऐकत नव्हती. लोकांना वाटलं काही विकायला आलेत.

यानंतर मी गाडी बंद करणंच सोडलं. एकदा चालू झाली की दिवसभर चालू. दार पोचवायला गेलो, गाडी बाहेर गुरगुरतेय. दाढी करायला गेलो, न्हाव्याच्या खुर्चीवर मी आणि बाहेर गाडी, दोघेही थरथरतोय. एका हवालदाराने आत येऊन विचारलं, ही कुणाची? मी तोंडाला साबण असल्याचा फायदा घेऊन गप्प बसलो. पण न्हाव्याने वस्तऱ्यानेच माझ्याकडे बोट दाखवलं. मग गाडी बंद करायची असेल तर उतारावरच करायची असं ठरवलं, म्हणजे ढकलायला कुणी नको, ब्रेक सोडून गिअर टाकला की आपोआप चालू होते. त्यामुळे आमचं सगळं गावच बदललं, अक्का. ज्या दुकानांशी वर्षानुवर्षांची ओळख ती सगळी सपाटीवर. आता आम्ही भाजी चढावरच्या बाईकडून घेतो, जी वांगी निवडू देत नाही. माझे नेहमीचे डॉक्टर सपाटीवर बसतात, म्हणून मी त्यांना सोडलं. उतारावर एकच डॉक्टर आहेत आणि ते लहान मुलांचे आहेत. चांगला माणूस आहे. माझं ब्लडप्रेशर बघतो आणि निघताना गोळी देतो, ती लिंबाच्या चवीची असते. तिथल्या बाकावर एक आई मला म्हणाली, “नातवाला आणलंय का?” मी म्हटलं, “नाही, मीच.” ती आपलं बाळ घेऊन पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

इथपर्यंत मी सहन केलं. मग कुणीतरी सांगितलं की हे काम मेकॅनिकचं नाही, वायरमनचं आहे, म्हणून वायरमनकडे गेलो. हा वायरमन म्हणजे बडबड्या माणूस. कानात फोनची वायर, एका वेळी फोनवर बोलतो, माझ्याशी बोलतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारतो. कुठलं वाक्य आपल्यासाठी ते ओळखावं लागतं. त्याने मला किल्ली फिरवायला सांगितली. टक्. त्याने दिव्यांकडे पाहिलं, बॉनेट उघडून आत डोकं घातलं, आणि तिथूनच म्हणाला, “काका, हिला अर्थ नाही.”

मी चमकलो. म्हटलं, “काय नाही?”

“अर्थ, अर्थ. अर्थच राहिला नाही हिला. अर्थ नसल्यावर ती बिचारी काय करणार? नुसती टक्-टक् करत बसणार.” मग फोनवर कुणाला तरी, “नाही रे, एक जुनी केस आलीय.” मग पुन्हा मला, “जुनी झाली की असंच होतं काका. काढून टाकायची. नवी टाकायची. जीव कशाला लावायचा?”

अक्का, तुला आठवतं, मास्तर मला उभं करून विचारायचे, या ओळीचा अर्थ सांग, आणि मी छताकडे बघत उभा राहायचो. अर्थ या शब्दाशी माझं तेव्हापासूनच वाकडं आहे. पण तेव्हा निदान कवितेचा विचारायचे. इथे हा कालचा पोरगा, माझ्या गाडीला, जिच्यावर मी आयुष्याची दारं वाहिली तिला, अर्थ नाही म्हणतो! आणि म्हणताना माझ्या टकलाकडे बघतो. मला काही कळेनासं झालं. मी म्हटलं, “अर्थ आहे की नाही ते ठरवणारा तू कोण?” तो म्हणाला, “मी नाही, मीटर लावून बघा.” म्हणजे याचंही आता मीटर निघालंय! मी बॉनेट आपटलं, तडक गाडीत जाऊन बसलो आणि किल्ली फिरवली. टक्.

रागाने निघून जायचं म्हटलं तरी गाडी चालू व्हावी लागते, हे मला त्या दिवशी समजलं. मी समोर बघत तसाच ताठ बसून राहिलो. तो म्हणाला, “काका, ढकलू का?” मी म्हटलं, “नको.” थोड्या वेळाने त्याने चहा मागवला आणि मलाही दिला. मी रागातच प्यायलो. मग केव्हातरी गाडीच्या मनात आलं आणि मी निघालो, पण तोवर रागाची सगळी ऐट गेली होती.

जेवताना मला घास जाईना. ही म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, “अर्थ नाही म्हणे.”

“कशाला?”

“गाडीला. वायरमन म्हणाला.”

“ते मी केव्हापासून सांगतेय, तेव्हा नाही घास अडकला,” ही म्हणाली. चिरंजीव तिथेच भात कालवत होते. ते म्हणाले, “वायरमन स्वतः म्हणाला? मग झालं तर बाबा. आता तरी ऐका.” आणि जेवण संपायच्या आत त्यांनी फोन करून भंगारवाल्याला गाडी बघायला बोलावलंसुद्धा. म्हणजे बघ, माझ्याच तोंडाने मी गाडीवर शिक्का मारून ठेवला. रात्रभर मी कूस बदलत होतो. गाडीला अर्थ नाही, तर गाडी चालवणाऱ्याला कुठून असणार, असला काहीतरी विचार. असले विचार मला झेपत नाहीत, पित्त होतं.

सकाळी लक्षात आलं की चष्मा वायरमनच्या टेबलावर राहिला. आता त्याचं तोंड बघायचं नव्हतं, पण चष्म्याशिवाय कुणाचंच तोंड दिसत नव्हतं. चालतच गेलो. (गाडी टक् म्हणाली होती.) तिथे एक नवी कोरी, पांढरीशुभ्र मोटार उभी, मालक टाय लावलेला. आणि वायरमन त्यालाही म्हणतो, “साहेब, तुमच्या गाडीचा अर्थ ढिला झालाय!” मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं चला, नव्या गाड्यांनाही नसतो! आणि तो साहेब बघ, जराही चिडला नाही, नुसता “अच्छा” म्हणाला. मी मनात म्हटलं, याला म्हणतात शिक्षण. एवढ्यात वायरमनने पाना घेतला, एक काळी वायर घट्ट केली, आणि म्हणाला, “घ्या, आला अर्थ.”

मी तिथेच उभा. मग हळूच विचारलं, “बाबा रे, अर्थ म्हणजे तुला नक्की काय म्हणायचंय?”

त्याने कानातली वायर काढली. “काका, अर्थ म्हणजे अर्थ. अर्थिंग. बॅटरीची काळी वायर गाडीच्या सांगाड्याला लावतात ती. तिथे नीट चिकटली नाही तर करंट परत येणार कुठून? काल तेच तर सांगत होतो. वायर काढून टाकू म्हटलं तर तुम्ही मलाच काढून टाकलंत.”

गाडी बाईच्या जातीची, वायरही बाईच्या जातीची, आणि सांगणारा “तिला काढून टाका” म्हणतो. यात माझी चूक कितपत, हे तूच ठरव. आपल्या भाषेत एवढे शब्द असताना यांना नेमका हाच सापडावा? तो मला त्याच्या स्कूटरवर बसवून घरी घेऊन आला. एक जाड वायर काढली, एक टोक बॅटरीला, एक थेट इंजिनाला, आणि म्हणाला, मारा सेल्फ. पहिल्या झटक्यात! बंद करून पुन्हा मारला, पुन्हा झटक्यात. ही गॅलरीत आली. मी तिला म्हटलं, “ये, बस आत!” ती आली नाही.

मग तो मूळ काळी वायर शोधत खाली वाकला आणि तिथूनच ओरडला, “हा उद्योग कुणी केलाय?” झालं होतं असं, की तिथला बोल्ट कुणीतरी खोलला होता, जागा छान घासून प्रायमर लावला होता, त्यावर तेलरंगाचे हात मारले होते, वायरच्या टोकालाही रंगात बुडवून काढलं होतं आणि मग सगळं वाळवून घट्ट बसवलं होतं. दाराच्या चौकटीला करतात ना, अगदी तसं. रंगातून करंट जात नाही, अक्का. बोल्टाचा आटा कुठे जरासा खरवडला होता तेवढ्यातून जात होता, तोही गाडी हलली तर. वायरमन म्हणाला, “या माणसाला मला भेटायचंय.” मी म्हटलं, “एक रंगारी होता.” तो म्हणाला, “आहे का अजून?” मी म्हटलं, “आहे थोडाफार.” ही वरून हसली. तिला ठाऊक होतं, कारण गंज धरू नये म्हणून मी हे केलं तेव्हा ब्रश तिच्याच चांगल्या पातेल्यात बुडवले होते.

मी काचपेपर आणला आणि ती जागा स्वतः घासली. वायरमन म्हणाला, वा काका, हात चांगला आहे. (थरथरणारा हात काचपेपरला बरा पडतो, आपोआप घासलं जातं.) गाडी तेव्हापासून बोट लावताच चालू होते.

आता तुला वाटेल, संपलं. मलाही वाटलं. दुपारी भंगारवाला आला, चिरंजीवही कारखान्यातून आले. मी मोठ्या ऐटीत किल्ली फिरवली. गाडी अशी गर्जली, की भंगारवाला दचकून मागे सरला आणि मग त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, “अरे, ही तर चालू गाडी आहे! मी मोडायला म्हणून आलो होतो. ही मी उद्याच नेतो, माझ्या धंद्यालाच लावतो.” आजारी होती तोवर कुणाला नको होती, बरी केली तर मागणी आली. मी करून ठेवलेलं काम बघ.

मी चिरंजीवांना बाजूला घेऊन म्हटलं, “आता तर बरी झाली ना? आता का विकायची?” त्याने माझ्या हातातली किल्ली काढून घेतली. मग म्हणाला, “बाबा, गाडीचं काही नाही हो. तुम्ही निघालात की परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. मी फोन समोर ठेवून बसतो.” काळजी करणं हे आपल्या घराण्यातच आहे, पण ती माझी करायला कुणी बसलं असेल हे माझ्या ध्यानात नव्हतं. मी म्हटलं, “अरे, मग सांगायचं तसं.” तो म्हणाला, “सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?” नसतं ऐकलं. भंगारवाल्याला रविवारी या म्हणून सांगितलंय. तोवर विचार करू, असं चिरंजीव म्हणाले. म्हणजे त्यांचा झालेला आहे.

असो. मी काही मनाला लावून घेतलेलं नाही. माणसाने कुठेतरी थांबावं हे मलाही समजतं. घरी बसेन, पेपर वाचेन, हिला भाजी निवडून देईन. तू माझी मुळीच काळजी करू नकोस. गुडघ्याला तेल लाव आणि यंत्र कानात घाल.

तुझा धाकटा,
अर्थ न समजलेला

ता. क. – पाकिटात एक काळी, जाडसर वस्तू आहे ती टाकून देऊ नकोस. ती गाडीची अर्थाची वायर आहे. मी ती गुपचूप काढून तुझ्याकडे पाठवतोय. रविवारी भंगारवाला येईल, किल्ली फिरवेल, टक् होईल आणि तो निघून जाईल. चिरंजीवांचा फोन आला तर तुला काही ठाऊक नाही.

आणखी एक – वर लिहिलेलं रद्द समज. पाकीट चिकटवताना हिने माझे काळे हात पाहिले. म्हणाली, “अशी वायर कुठल्याही दुकानात मिळते, तो भंगारवाला काय तुमच्यासारखा आहे का?” म्हणून पाकीट फोडून वायर परत लावली. गाडी लगेच चालू झाली, मेली. कागदावरचे डाग त्याचे आहेत.

शेवटचं, आणि खरं म्हणशील तर एवढ्याचसाठी लिहायला बसलो होतो – वर मी मनाला लावून घेतलं नाही वगैरे जे लिहिलंय ते खरं धरू नकोस. तुझ्या मागच्या बाजूचं दार खालून कुजलंय असं तू मागे म्हणाली होतीस, आणि नसशील म्हणाली तरी आता म्हण. रविवारच्या आत चिरंजीवांना फोन कर आणि सांग, आत्याला नवीन दार हवंय आणि ते बाबांनीच आणून बसवायचं. तुला तो नाही म्हणत नाही. त्याच्या जिवाला घोर नको, म्हणून जाता-येता फोन करत जाईन, वाटल्यास हिलाही शेजारी बसवेन. आता बसली तरी चालू होते. फक्त दारच सांग हं अक्का, खिडकी सांगू नकोस. खिडकी तो रिक्षात घालून पाठवेल.